न्यायाधीशाला 'मला कळत नाही' म्हणता येतं का? मोंतेन, मार्टिन गेर आणि सोळाव्या शतकातला संशयवाद

तळटीप

मध्यंतरी या चर्चामंचावर देकार्त या सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञावर चर्चा झाली तेव्हा दोन-तीन जणांचा सूर असा होता की युरोपात आधी चर्चचा अंधार होता, मग शंका घेणारे आले आणि शंकेतून विज्ञान जन्मलं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट शोभते. पण सोळाव्या शतकातले संशयवादी प्रत्यक्षात काय करत होते ते बघायला गेलं की तिचे टाके उसवतात. यातले बरेचसे लोक चांगले कॅथलिक होते आणि शंकेचं हत्यार त्यांनी परजलं ते चर्च वाचवण्यासाठी.

सुरुवात सेक्स्टस एम्पिरिकसपासून करावी लागते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य पिऱ्हो या प्राचीन ग्रीक संशयवाद्याच्या परंपरेतला. त्याची रीत अशी: कुठलाही दावा समोर आला की तितक्याच वजनाचा उलटा दावा शेजारी मांडायचा. मध निरोगी माणसाला गोड लागतो, कावीळ झालेल्याला कडू. मग मध 'खरा' कसा? निरोग्याचं ऐका म्हणाल तर का ऐकायचं? ठरवायला निकष हवा. तो निकष बरोबर आहे याला पुरावा हवा. आणि तो पुरावा ग्राह्य धरायला पुन्हा निकष हवा. इथे सेक्स्टस 'काहीच कळू शकत नाही' असंही म्हणत नाही, कारण तोही एक दावाच झाला. तो निर्णय तहकूब ठेवतो. आणि त्याचं म्हणणं असं की तहकुबीमागोमाग मनाला स्वस्थता येते.

मध्ययुगात पश्चिम युरोपला हा माणूस जवळजवळ माहीत नव्हता. १५६२ साली आंरी एतिएन या विद्वान मुद्रकाने त्याचा एक ग्रंथ लॅटिनमध्ये छापला. प्रस्तावनेत तो सांगतो की दर चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापाने हैराण होतो, पुस्तकांचा वीट आला होता, तेव्हा हे बाड हाती लागलं आणि हसू फुटलं. सात वर्षांनी, १५६९ मध्ये, जांतियां एर्वे याने उरलेलं भाषांतर छापलं. एर्वे कॅथलिक, लोरेनच्या कार्डिनलचा माणूस. त्याला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कॅल्व्हिनवाद्यांना, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना, गप्प करायचं साधन दिसलं.

ते कसं? प्रोटेस्टंट बंडाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादात सांगून टाकलं होतं की पोप चुकतो आणि धर्मपरिषदाही चुकतात. प्रमाण फक्त बायबल, आणि बायबलने बांधलेली सदसद्विवेकबुद्धी. कॅथलिकांनी विचारलं: बायबलचा तुझा अर्थ बरोबर कशावरून? शेजाऱ्याच्या बुद्धीला वेगळा दिसतो त्याचं काय? प्रोटेस्टंटांचा उलटा सवाल: चर्च अचूक आहे हे कोण सांगतं, चर्चच ना? दोघंही सेक्स्टसच्याच चरकात एकमेकांना पिळत होते. कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये सुचवलं की इच्छास्वातंत्र्यासारखे प्रश्न माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत, मुकाट्याने चर्चचं ऐकावं. ल्यूथर उखडला. दुसऱ्याच वर्षी त्याने उत्तर छापलं: पवित्र आत्मा संशयवादी नाही!

म्हणजे त्या घडीला शंका जुन्या धर्माच्या बाजूने होती आणि ठाम खात्री बंडखोरांच्या. हे लक्षात ठेवून मोंतेन वाचायला हवा.

फ्रेंच निबंधकार मोंतेन (१५३३-१५९२) बोर्दोच्या न्यायालयात १५७० पर्यंत न्यायाधीश होता. पुढे मनोऱ्यातल्या ग्रंथालयात बसून लिहू लागला. छताच्या तुळयांवर त्याने ग्रीक-लॅटिन वचनं रंगवून घेतली होती, त्यातली कित्येक सेक्स्टसची. त्याचं 'मला काय ठाऊक?' सगळ्यांना माहीत असतं. मांजरीशी मी खेळतो की ती माझ्याशी खेळते, हेही. ही दोन्ही वाक्यं रेमों सेबों या धर्मशास्त्रज्ञावरच्या लांबलचक निबंधातली. पण माझ्या मते त्याच्या संशयाची खरी धार तिथे नाही. ती त्याच्या निबंधसंग्रहाच्या तिसऱ्या भागातल्या 'लंगड्यांविषयी' या छोट्या निबंधात आहे.

निबंध सुरू होतो पंचांगाने. ग्रेगरी पोपच्या सुधारणेत फ्रान्समध्ये १५८२ च्या डिसेंबरातून दहा दिवस गाळले गेले, आणि मोंतेनच्या शेजाऱ्यांचं पेरणी-कापणी, देणंघेणं काहीही अडलं नाही. हसत हसत तो म्हणतो की लोक आधी 'हे कशामुळे झालं' विचारतात, 'हे झालं का' असं विचारतच नाहीत. आणि मग तो मार्टिन गेरच्या खटल्यावर येतो.

हा खटला ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आर्तिगा हे पिरेनीजच्या पायथ्याचं गाव. तिथला मार्टिन गेर १५४८ मध्ये बापाचं धान्य चोरल्याचा आळ आल्यावर बायको-मूल सोडून परागंदा झाला. १५५६ मध्ये एक जण आला, मी मार्टिन म्हणाला. बायको बेर्त्रांदने घरात घेतलं, बहिणींनी ओळखलं, चुलत्यानेही. तीनेक वर्षं संसार चालला. मग जमिनीच्या हिशेबावरून चुलत्याशी बिनसलं आणि चुलत्याला एकाएकी तो तोतया दिसू लागला. रिअच्या न्यायालयात सुमारे १५० साक्षीदार झाले. चाळीस-पंचेचाळीस म्हणाले हा मार्टिन नव्हेच. तीस-चाळीस म्हणाले हाच मार्टिन. चांभाराने सांगितलं की मार्टिनचा जोडा बारा मापाचा होता, याचा नऊचा आहे. आणि साठेक लोकांनी सांगितलं: दोघांत इतकं साम्य आहे की आम्हाला सांगता येत नाही.

त्या साठ जणांनी सेक्स्टस वाचलेला नव्हता!

प्रकरण तुलूझच्या वरच्या न्यायालयात गेलं. न्यायाधीश कोरासचा कल आरोपीकडे झुकत होता, बायकोच्या संसारावर उगाच बालंट नको म्हणून. तेवढ्यात लाकडी पाय टेकत खरा मार्टिन हजर झाला. तोतया आर्नो द्यु तिल १६ सप्टेंबर १५६० रोजी आर्तिगात, गेरच्या घरासमोर फासावर गेला. कोरासने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक छापलं आणि ते धडाधड खपलं.

मोंतेनला या निकालात धाडस फार दिसतं. तो म्हणतो, 'न्यायालयाला यातलं काही कळत नाही' असा निकाल देण्याची सोय हवी होती. अथेन्सच्या अरिओपागसपुढे न उलगडणारा खटला आला तेव्हा त्यांनी दोन्ही पक्षांना शंभर वर्षांनी या म्हणून सांगितलं होतं, त्याची तो आठवण देतो. आणि इथून थेट चेटकिणींवर येतो. काळ आठवा: १५८० मध्ये जां बोदँ, सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडणारा थोर विचारवंत, चेटकिणींना जाळा म्हणून जाडजूड ग्रंथ लिहून मोकळा झाला होता. मोंतेन सांगतो की एका राजाने त्याला दहा-बारा कैदी चेटकिणी दाखवल्या. त्यांच्याशी तो मनसोक्त बोलला, एका म्हातारीच्या अंगावरच्या 'खुणा' पाहिल्या, कबुलीजबाबही पाहिले. शेवटी त्याचं मत पडलं की यांना विष देण्यापेक्षा वेडावरचं औषध द्यावं. मग ते प्रसिद्ध वाक्य, ज्याचा आशय असा: आपल्या अटकळींपायी माणूस जिवंत भाजायचा म्हणजे अटकळींची किंमत फारच चढी लावली.

माझं म्हणणं एवढंच. त्या काळच्या संशयवादाचं फळ विज्ञानात शोधण्याआधी कोर्टात शोधा. ज्ञान शक्य आहे का, हा प्रश्न मोंतेनला महत्त्वाचा वाटतो तो समोर कुणाची तरी मान असते म्हणून.

खडूस_काका

वाचनखूण साठवली. पण एक खटकतं. हाच तुमचा मोंतेन धर्माच्या बाबतीत काय म्हणतो? कुठलाच पंथ सिद्ध होत नाही, तेव्हा ज्यात जन्मलात तो पाळा. यात धाडस कसलं? ही तर गादीवर बसून केलेली सोय झाली. रस्त्यावर माणसं कापली जात होती तेव्हा.

शंका घेऊन किंमत मोजणारा माणूस हवा असेल तर सेबास्तियां कास्तेलिओ घ्या. कॅल्व्हिनच्या जिनेव्हात २७ ऑक्टोबर १५५३ ला सर्व्हेटसला त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारलं म्हणून जिवंत जाळलं. कास्तेलिओ प्रोटेस्टंटच, बाझेलला ओढग्रस्तीत राहणारा. त्याने लिहिलं की माणूस मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, माणूस मारणं. १५६३ मध्ये त्याने शंका कधी घ्यावी आणि विश्वास कधी ठेवावा यावर ग्रंथ लिहायला घेतला, तो अपुरा टाकूनच गेला. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? मोंतेनची मांजर मात्र सगळ्यांना पाठ.

तळटीप

काका, कास्तेलिओबद्दल शंभर टक्के मान्य. त्याच्यावर कुणीतरी, म्हणजे तुम्हीच, स्वतंत्र धागा काढावा.

मोंतेन गादीवर बसला होता हे मात्र पटत नाही. १५७२ चं सेंट बार्थोलोम्यूचं हत्याकांड, कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांचं केलेलं, घडून गेल्यावर हा माणूस लिहितोय. घराच्या चहूबाजूंनी दोन्हीकडची पथकं फिरत होती, आणि १५८१ ते ८५ तो बोर्दोचा महापौर होता. 'जन्मला तो धर्म पाळा' याचा त्या दिवसांतला अर्थ 'तुमच्या पंथासाठी शेजाऱ्याचं घर पेटवू नका' असा होतो. पळपुटेपणाचा वास येतो खरा, नाही म्हणत नाही. पण तेव्हा धडाडीचे लोक काय करत होते तेही बघा.

कोरासचं पुढे काय झालं ते धाग्यात राहिलं. तो ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, होता. बार्थोलोम्यूनंतरच्या ऑक्टोबरात तुलूझमध्ये जमावाने त्याला मारलं.

फौजदारी_वकील

धागा आवडला, विशेषतः साठ साक्षीदार. उलटतपासणीत 'सांगता येत नाही' म्हणणारा साक्षीदार आमच्या फार कामाचा असतो.

थोडी कायद्याची बाजू. त्या काळच्या रोमन-कॅनन (रोमन कायदा अधिक चर्चचा कायदा) पद्धतीत देहदंडासाठी 'पूर्ण पुरावा' लागे: दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाहीतर कबुली. ऐकायला किती काटेकोर! गोम अशी की अर्धवट पुरावा असला तर उरलेला भरून काढायला छळाची मुभा होती. म्हणजे प्रमाण जितकं कडक, तितका चिमटा गरम. न्यायाधीशाने शंका घ्यायची जागाच उरत नसे, कारण शंकेचं निरसन आरोपीच्या अंगावर होई. मोंतेन बोर्दोला हेच रोज बघत होता, त्यामुळे छळाने सत्य बाहेर पडतं यावर त्याचा विश्वास नसणं हे पुस्तकी शहाणपण नव्हे.

फ्रीड्रिख श्पे हा जेझुइट पाद्री याच मुद्द्यावर १६३१ मध्ये निनावी पुस्तक छापतो. त्याचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा आहे: कबूल केलं तर चेटकीण, छळ सोसूनही कबूल नाही केलं तर सैतानाची मदत आहे म्हणून चेटकीण. मग निर्दोष बाईने सुटायचं कसं? आम्हा सगळ्यांनी कबुली दिलेली नाही ती आमचा छळ झालेला नाही म्हणून, असंही तो म्हणतो. श्पे संशयवादी तत्त्वज्ञ नव्हता, तरी हा चरक त्याला बरोबर दिसला.

मात्र शंभर वर्षांनी या हे काही चालायचं नाही. तारखा द्यायला आमची कोर्टं समर्थ आहेत, अरिओपागसची उणीव नाही. निकाल न देणं हाही निकालच असतो. बेर्त्रांदने काय करायचं होतं शंभर वर्षं?

ता.क.: तोतया म्हटल्यावर सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवला नाही असा मराठी माणूस नसेल. पानिपतावर १७६१ मध्ये भाऊ दिसेनासे झाले, पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही म्हणतात, आणि १७७६ मध्ये पुण्यात तोतयाला ठार केलं. तिथेही ओळखणारे आणि न ओळखणारे दोन्हीकडे होतेच, आणि कोण कुठल्या बाजूला हे बरंचसं राजकारणावर ठरत होतं. आर्तिगात जमिनीवर ठरलं तसं.

पूर्वरंग

नेहमीप्रमाणे ग्रीकांपासून सुरुवात! निकषाला निकष कुठला हा प्रश्न नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त विचारून ठेवलाय. प्रमाणांनी (ज्ञानाच्या साधनांनी) प्रमेयं (जाणायच्या गोष्टी) सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. आणि जयराशी भट्टाने 'तत्त्वोपप्लवसिंहा'त प्रत्यक्षासकट एकही प्रमाण उभं ठेवलेलं नाही. शिवाय स्वतः पिऱ्हो सिकंदराबरोबर भारतात आला होता. तेव्हा मूळ कुठलं ते उघड आहे.

तळटीप

पूर्वरंग, युक्तिवाद तोच आहे यात वाद नाही, आणि नागार्जुन तो सेक्स्टसपेक्षा नेटका मांडतो असंही मी म्हणेन. पण 'मूळ उघड आहे' यावर मी निर्णय तहकूब ठेवतो. पिऱ्हो इथे येऊन नग्न तत्त्वज्ञांना भेटला हे ग्रीक चरित्रकार डायोजेनिस लाएर्तियस सांगतो. तो पिऱ्होनंतर पाचेकशे वर्षांनी लिहितोय आणि भेटीत काय बोलणं झालं ते सांगत नाही. पिऱ्हो गेल्यावर बऱ्याच काळाने नागार्जुन झाला, तेव्हा तिथून इथे असाही दावा कुणी करेल.

मला जास्त कुतूहल आहे ते या ग्रंथांच्या नशिबाचं. जयराशीची पोथी पाटणच्या भांडारात पडून होती, बडोद्याहून ती छापली गेली १९४० मध्ये. सेक्स्टसही असाच पडून होता. पण तो छापला गेला तो नेमका देश धर्मावरून दुभंगत असताना. युक्तिवाद दोन्हीकडे तितकाच तिखट, फक्त एक भर दंगलीत सापडला.

मांडवीकर

गोव्याचं नाव कुणी घेत नाही म्हणून मीच घेतो. एतिएनचं भाषांतर १५६२ चं ना? पुढच्याच वर्षी, १५६३ मध्ये, गोव्यात छापखान्यातून गार्सिया दा ओर्ताचे औषधी वनस्पतींवरचे 'संवाद' बाहेर पडले. ओर्ता पोर्तुगीज वैद्य, बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. पुस्तकात दोन पात्रं: स्वतः ओर्ता आणि स्पेनहून आलेला डॉक्टर रुआनो. रुआनो प्रत्येक झाडपाल्याला प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले देतो, डायोस्कोरिडिस काय म्हणतो, गॅलन काय म्हणतो ते सुनावतो आणि ओर्ता म्हणतो, मला त्यांची भीती घालू नका, मी पाहिलंय ते सांगतो. हे जायफळ, ही हळद, हा आंबा. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, असंही कबूल करतो.

आता पुढचं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून जाळली. त्याच वर्षी मोंतेनचे निबंध छापले गेले. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, संध्याकाळी पोरं खेळतात तिथे, कुणाला काही ठाऊक नसतं.

तळटीप

मांडवीकर, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. यात फ्रान्सिस्को सांचेसची भर घालतो. तोही वैद्य, तोही इबेरियातल्या बाटलेल्या ज्यू घराण्यातला, तुलूझला शिकवायचा. 'काहीही कळत नाही' अशा नावाचा त्याचा ग्रंथ १५८१ मध्ये छापला गेला. घराण्याला धर्म बदलून जगावं लागलं, आणि दवाखान्यात बसून गॅलनचं चुकलेलं रोज दिसतं. अशा माणसाला 'प्रमाण' या शब्दाचा धाक कितीसा राहणार? अर्थात ओर्ता संशयवादी नव्हे. त्याला स्वतःच्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा होता. सेक्स्टसने त्यालाही कावीळ झालेल्याचा मध चाखायला दिला असता.

बिनचूक

देकार्तला इतक्या सहज बाजूला सारू नका. स्वप्न आणि जागेपण वेगळं करता येईना, सर्वशक्तिमान ठकसेन मला दोन अधिक तीनमध्येही फसवत असेल, इतकी टोकाची शंका सेक्स्टसच्याही डोक्यात आली नव्हती. आणि १६४१ च्या 'चिंतनां'मध्ये तिथूनच तो बाहेरची वाट काढतो: फसवला जाणारा मी तरी आहेच. मोंतेन शंकेत रमला, देकार्तने तिचा शेवट केला.

फौजदारी_वकील

शेवट कुठला, अपिलात गेलं की! 'मी आहे' इथपर्यंत ठीक. पुढे बाहेरच्या जगाकडे जायला देव लागतो, देव फसवणारा नाही हे स्पष्ट कल्पनेवरून, आणि स्पष्ट कल्पना खरी असते हे कशावरून, तर देव फसवत नाही म्हणून. आर्नोनेच हे वर्तुळ तेव्हाच दाखवलं होतं. (हा आर्नो देकार्तचा टीकाकार, फासावर गेलेला नव्हे.)

तिरकस

मला तळटीप यांच्या मूळ मुद्द्यावरच आक्षेप आहे. शंका घेतली की माणूस दयाळू होतो हे गृहीत कुठून आलं?

जोसेफ ग्लॅनव्हिल बघा. सतराव्या शतकातला इंग्रज, रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा सदस्य, १६६१ मध्ये ठाम मतं मांडणाऱ्यांची हजेरी घेणारं पुस्तक लिहिलं, पक्का संशयवादी. आणि हाच माणूस आयुष्यभर चेटकिणी असतात असं सांगत राहिला. कारण काय तर संशयवादच! आपला आत्मा बोट कसं हलवतो तेही आपल्याला कळत नाही, मग सैतान काय करू शकत नाही हे कोण तुम्ही सांगणार? टेडवर्थच्या घरात रात्री अदृश्य ढोल वाजतो म्हणून हा स्वतः जाऊन पाहून आला. मेल्यावर १६८१ मध्ये त्याचं चेटकिणींवरचं पुस्तक निघालं.

आज व्हॉट्सॲपवर 'डॉक्टरांना तरी काय ठाऊक' म्हणणारे ग्लॅनव्हिलचेच नातू.

तळटीप

तिरकस, या आक्षेपाची वाटच बघत होतो. बोदँनेही याच्या जवळचं काहीतरी म्हटलं होतं: निसर्गाची रहस्यं आपल्याला कळत नाहीत, तेव्हा चेटूक अशक्य म्हणणं हा उद्धटपणा.

पण मोंतेन 'चेटूक अशक्य आहे' असं म्हणतच नाही. त्या वाटेला तो जात नाही, कारण ती ग्लॅनव्हिलच्या दारात जाते. त्याचा मुद्दा वजनाचा आहे. एका तागडीत वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीची कथा, दुसरीत साक्षीदार खोटं बोलले किंवा भ्रमले ही शक्यता. दुसरं रोज घडतं. आणि ठार मारायचं तर पुरावा लख्ख हवा. म्हणजे शंका दोघांकडे सारखी आहे, पण तिचा भार कोणी उचलायचा याचं उत्तर वेगळं आहे. ग्लॅनव्हिलच्या हिशेबात तो म्हातारीवर पडतो, मोंतेनच्या हिशेबात न्यायाधीशावर. नुसत्या शंकेतून दया निघत नाही हे तुमचं म्हणणं मान्य. ती दुसरीकडून यावी लागते, आणि मोंतेनमध्ये ती अनुभवातून आली आहे असं मला दिसतं, सेक्स्टसमधून नव्हे.

खडूस_काका

हे आधी का नाही लिहिलंत? निम्मा वाद वाचला असता. कास्तेलिओचा धागा काढतो, दिवाळीनंतर.

नवी_वाचक

मस्त चर्चा, पुढील भागाच्या प्रतीक्षेत. यातलं काहीच वाचलेलं नाही. मोंतेन कुठून सुरू करू? सेबोंवरचा निबंध उघडला होता, वीस पानांत दमले.

तळटीप

तो शेवटी वाचा, ताई. त्यात त्याने जनावरांच्या हुशारीचे इतके दाखले दिलेत की मूळ मुद्दा कुठे गेला ते त्यालाही आठवत नसावं. 'लंगड्यांविषयी' तासाभरात होतो, त्याने सुरुवात करा. मग नरभक्षकांवरचा. त्यात १५६२ मध्ये रुआँला आणलेले ब्राझीलचे तिघं फ्रान्सच्या पोरसवदा राजाला बघून विचारतात की इतकी दाढीवाली धिप्पाड माणसं या पोराचं का ऐकतात, आणि अर्धे लोक उपाशी असताना ते बाकीच्यांचा गळा का धरत नाहीत. त्यांचं तिसरं म्हणणं मोंतेन विसरला, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. हा पचला की सेबोंकडे वळा, आणि तिथे जनावरं संपेपर्यंत बेलाशक पानं उलटा.